पुरावा कुणाच्या छातीतून निघतो?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रकात माझ्या नावापुढं ‘कवी, गोदी कामगार’ असं छापलंय आणि विषय दिलाय ‘नवी औषधं, लशी आणि त्यांचा पुरावा’. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. हसणारच. दहावी पास हमाल औषधावर काय बोलणार? पाठीवर पोतं घेणाऱ्यानं पोत्यावर बोलावं, फार तर कवितेवर बोलावं, छातीतल्या जंतूंवर डॉक्टर बोलतील. पण ही सबब जुनी आहे. वेद कुणी ऐकायचा, पोथी कुणी उघडायची, पाणी कुणी प्यायचं हे ठरवताना आपल्या आज्यापणज्यांनाही हेच सांगितलं होतं, की तुम्हाला त्यातलं काय कळतं? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं ते काय तहान लागली म्हणून? तर औषधावर मी बोलणार. औषध ज्या शरीरावर तपासतात ते शरीर पुष्कळ वेळा आपलं असतं. ज्याचं शरीर, त्याला तोंडही असलं पाहिजे.

मला जे कळलंय ते एका डॉक्टरांकडून. आमच्या गल्लीत आठवड्यातून दोन संध्याकाळी ते बसतात. नाव घेऊ नको म्हणालेत, म्हणून घेत नाही. पेशंट संपले की बाकड्यावर चहा घेत ते मला नव्या औषधांचे निबंध मराठीत फोडून सांगतात आणि मी ते गोदीच्या भाषेत करून डोक्यात ठेवतो. आज तेच तुमच्यापुढं मांडतोय.

आपल्या वस्तीत औषधाबद्दल दोन आवाज आहेत. पहिला आवाज म्हणतो, ‘डॉक्टर म्हणजे देव. सलाईन लावा, महागातलं इंजेक्शन द्या, गोळ्यांनी काय होतंय?’ दुसरा आवाज म्हणतो, ‘हे समदं थोतांड हाय. आपल्याला उंदरागत वापरत्यात. लस नको, गोळी नको.’ पहिला आवाज पांढऱ्या कोटातल्या भटाच्या पाया पडतो. दुसरा आवाज त्या भटाला शिव्या घालतो आणि लिंबू उतरवायला बाबाकडं जातो. दोघंही प्रश्न विचारत नाहीत. तथागतानं आपल्याला तिसरी वाट दाखवलीय, ये आणि पाहा. कुणी मोठ्यानं सांगितलं म्हणून मानू नका, पारखून घ्या. आता औषध पारखायचं कसं, एवढंच आज बोलायचं.

एप्रिल २०२१ आठवा. आमच्या गल्लीत रेमडेसिविरच्या एका डोसासाठी बायकांनी अंगावरचे मणी मोडले. रांगा लागल्या, काळा बाजार झाला. आणि त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचे आकडे बाहेर आले होते. दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाचं मरण टाळायला हे औषध फारसं कामाला येत नाही, असं त्यात दिसलं होतं. प्लाझ्माचंही तेच. आपल्याच देशात ३९ दवाखान्यांत ४६४ पेशंटांवर चाचणी झाली, २०२० मध्येच छापून आली. फायदा दिसला नाही. तरी मे २०२१ पर्यंत सरकारी उपचाराच्या यादीत प्लाझ्मा होता आणि पोरं मोबाइलवर रक्तगट फिरवत होती.

मग जीव कशानं वाचले? जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं की डेक्सामेथासोन नावाचं जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी करतं. ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांनाही फायदा. ज्यांचा श्वास ठीक आहे त्यांना मात्र फायदा नाही, उलट अपायाची शक्यता. म्हणजे एकच औषध, एकाला तारक, दुसऱ्याला नको. डॉक्टर म्हणाले, “किमतीवरून औषधाची ताकद मोजायची नाही, आणि नवं म्हणून त्याला ओवाळायचंही नाही. आकडा काय सांगतो ते बघायचं.”

आता आकडा येतो कुठून?

समजा, गोदीत नवीन हुक आलाय. मुकादम म्हणतो, या हुकानं काम दीडपट होतं. त्यानं नवा हुक दिला तगड्या पोरांच्या टोळीला आणि जुना हुक ठेवला पन्नाशीतल्या म्हाताऱ्यांकडं. संध्याकाळी पोती मोजली. नवा हुक जिंकला. पण जिंकला कोण, हुक की पोरांचे खांदे? हे आपल्यातल्या कुठल्याही हमालाला कळतं. खरं बघायचं तर सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, डोळे मिटून अर्ध्या उचलायच्या आणि निघतील त्यांना नवा हुक द्यायचा. मग दोन्हीकडं म्हातारे येतील, तगडे येतील, काल रात्रपाळी केलेलेही येतील. तरीही नव्या हुकाची पोती जास्त भरली, तर ती हुकाची करामत. औषधाची चाचणी म्हणजे हीच चिठ्ठ्यांची रीत. मुकादमाच्या जागी तिथं औषध कंपनी असते, आणि तिलाही आपला हुक जिंकवायचा असतो. म्हणून चिठ्ठी लागते.

ही रीत नावारूपाला आली ती टीबीच्या औषधापासून. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत आल्बर्ट शॅट्झ नावाच्या विद्यार्थ्यानं तळघरातल्या प्रयोगशाळेत राबून शोधलं. १९५२ चं नोबेल मिळालं त्याच्या प्रोफेसरला, सेलमन वॅक्समनला. मजुरी कुणाची आणि नाव कुणाचं, हा हिशेब आपल्याला नवा नाही. महायुद्धानंतर ब्रिटनकडं हे औषध थोडंच होतं. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं बंद पाकिटं करून ठेवली. पाकिटात जे निघेल तो उपचार. एकूण १०७ पेशंट. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाले ४ मेले, विश्रांतीवाले १४ मेले. हे १९४८ मध्ये छापून आलं आणि जगाचं वैद्यक बदललं.

पण याच चाचणीत आणखी दोन गोष्टी लपल्यात. एक, पुढं पुढं तो फायदा बराचसा पुसत गेला, कारण जंतू एकट्या औषधाला सरावले. तेव्हा कळलं की दोनतीन औषधं एकदम द्यायची, म्हणजे एकाला चुकवून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या हातात सापडतो. टीबीच्या गोळ्या मूठभर का असतात आणि बरं वाटलं तरी मधेच का सोडायच्या नाहीत, याचं उत्तर तिथं आहे. दुसरी गोष्ट, त्या ५२ जणांना आपण चाचणीत आहोत हे कुणी सांगितलंच नव्हतं. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडं मी परत येणार आहे.

आता मद्रास. १९५६ साल आपल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याच साली मद्रासला टीबीच्या औषधोपचाराचं केंद्र उघडलं. तोवर टीबी म्हणजे सॅनिटोरियम. डोंगराची हवा, दूध, अंडी, वर्षभर खाट. भारतात लाखो पेशंट, खाटा मूठभर. झोपडीत, आठ माणसांच्या खोलीत, अर्धपोटी राहून टीबी बरा होईल यावर मोठमोठ्या डॉक्टरांचा विश्वास नव्हता. मग चिठ्ठ्या टाकल्या. गरीब वस्तीतले १९३ पेशंट, निम्मे सॅनिटोरियममध्ये, निम्मे आपल्या घरी. दोघांना एकच औषध, वर्षभर. सॅनिटोरियमवाल्यांचं जेवण चांगलं, हवा चांगली. घरवाल्यांचं जेवण तुटपुंजं, आणि ते हिंडत-फिरत होते, कामही करत होते. वर्षानं बेडका तपासला, छातीचे फोटो पाहिले. निकाल जवळपास सारखा. घरात राहिल्यामुळं बायकापोरांना लागण जास्त झाली का, तेही मोजलं. नाही झाली.

दोस्तांनो, १९५९ मध्ये हे छापून आलं आणि त्यानंतर जगभरातली सॅनिटोरियमं हळूहळू रिकामी झाली. मद्रासच्या गरिबाच्या बेडक्यातून निघालेलं शहाणपण लंडनच्या साहेबालाही उपयोगी पडलं. आज आपल्यातला कुणी गोळ्या खिशात घालून कामावर जातो, तो त्या १९३ जणांच्या खांद्यावरून जातो. त्यांची नावं कुठल्या चौकाला दिलेली मला दिसली नाहीत.

पुरावा कधीकधी ‘नाही’ असंही म्हणतो, आणि ते ऐकायला छाती लागते. बीसीजीचं बघा. दंडावरचा तो व्रण आपल्यातल्या बहुतेकांना आहे. ही लस मोठ्या माणसाच्या फुप्फुसाचा टीबी रोखते का, हे बघायला मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून जगातली सगळ्यात मोठी चाचणी झाली. लाखो माणसं, कुणाला लस, कुणाला नुसतं पाणी वाटावं असं इंजेक्शन. साडेसात वर्षांनी हिशेब केला. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून संरक्षण दिसलं नाही. पंधरा वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेच. एवढा पैसा, एवढी माणसं, आणि उत्तर ‘नाही’. तरी ते छापलं, लपवलं नाही. शास्त्राची इज्जत मला इथं दिसते.

मग तान्ह्या पोराला बीसीजी द्यायची की नाही? द्यायचीच. लहान मुलांना टीबीनं मेंदूज्वर होतो, अंगभर टीबी पसरतो, त्यातून ही लस वाचवते. तो पुरावा वेगळा आणि पक्का आहे. ‘लस चालते का’ हा प्रश्नच अर्धा आहे. कुणाला, कशापासून, किती वर्षं, हे जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही. २०२४ मध्ये मुंबईत प्रौढांना बीसीजी देण्याची मोहीम निघाली तेव्हा आमच्या वस्तीतली पोरं विचारायला आली, घ्यायची का? मी म्हटलं, मोठ्यांमध्ये फायदा अजून तपासला जातोय, तर विचारा त्यांना, हा उपचार आहे की तपासणी? कागदावर काय लिहिलंय? सही करण्याआधी वाचून दाखवा. एवढं विचारून ज्याला घ्यायची त्यानं घ्यावी, ज्याला नको त्यानं घेऊ नये. दोघांनाही मी नावं ठेवणार नाही. न विचारता दंड पुढं करणाऱ्याला मात्र ठेवीन.

आता त्या ध्यानात ठेवायला सांगितलेल्या गोष्टीकडं येतो. संमती.

१९७२ साल. मुंबईत आपले लेखक-कवी रस्त्यावर उतरले आणि दलित पँथर जन्माला आली. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या भावांचं. त्याच वर्षी, जुलैमध्ये, अमेरिकेत एक पाप उघड्यावर आलं. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावी सरकारच्या आरोग्य खात्यानं १९३२ पासून सुमारे ६०० काळ्या माणसांवर अभ्यास चालवला होता. त्यातल्या ३९९ जणांना गरमीचा रोग होता. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही. ‘तुमचं रक्त बिघडलंय’ एवढंच सांगितलं. १९४७ पर्यंत पेनिसिलीन या रोगाचा रीतसर उपचार झालं होतं. ते त्यांना दिलं नाही. औषधावाचून हा रोग काळ्या देहात कसकसा वाढतो, हे चाळीस वर्षं वहीत मांडत बसले. माणसं मेली, बायकांना लागण झाली, मुलं रोग घेऊन जन्मली. आकडे नीट होते हो, टापटीप होते. माणुसकी कुठं होती?

ते तिकडचं म्हणून सोडायचं नाही. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोदा जिल्ह्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावरची लस मुलींना दिली. दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे २४,००० पोरी, त्यात आदिवासी आश्रमशाळेतल्या कितीतरी. आईबापांची सही हवी होती. कितीतरी फॉर्मांवर वॉर्डननं, हेडमास्तरनं सह्या ठोकल्या. सात मुली मेल्या. एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं. चौकशीत ते मृत्यू लशीनं झाले असं निघालं नाही, हेही मी सांगणार, कारण अर्धं सांगणं म्हणजे खोटं सांगणं. पण २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं संमतीच्या बाबतीत जे ओढलं ते वाचण्यासारखं आहे. आदिवासी मुलीचा बाप जिवंत असताना तिच्या शरीराचा मालक वॉर्डन कसा झाला?

आणि आता कडू घोट प्या. ती लस चांगली आहे. स्वीडनमध्ये लाखो मुलींचा हिशेब २०२० मध्ये छापला. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी दिसला. हा कर्करोग आपल्या आयाबहिणींना जास्त मारतो, कारण तपासणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे लस खरी होती आणि वागणूक लबाड होती. लबाडीमुळं खऱ्यावरचा विश्वास गेला. डॉक्टर म्हणतात, “संमती म्हणजे सहीचा कागद नव्हे. नाही म्हणायची मुभा असेल तरच होकाराला किंमत आहे.” हे मला पटतं. मुकादम कोऱ्या कागदावर अंगठा घेतो तेव्हा आपण त्याला करार म्हणतो का?

आता टीबीकडं परत. आपल्या गोदीच्या कडेलाच, शिवडीला, टीबीचं मोठं इस्पितळ आहे. त्या नावानंच वस्तीतली म्हातारी माणसं दचकतात. काही जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. त्याला एमडीआर म्हणतात. अशा पेशंटला वर्षानुवर्षं कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं महिनोन्‌महिने टोचत. त्यानं जीव वाचे, पण कान जात. मी गोदीत नवा होतो तेव्हा आमच्या टोळीत एक दादा होते. टीबीतून उठले, कामावर आले. पण ऐकू येत नव्हतं. क्रेनचा भोंगा त्यांना कळायचा नाही, ‘हटो’ म्हणून ओरडलेलं कळायचं नाही. चौथ्या दिवशी लोखंडाची वळकटी त्यांच्या डोक्यावरून हातभर अंतरानं गेली. ठेकेदारानं त्यांना घरी पाठवलं. कागदावर ते ‘बरे झालेले’ होते. चाचणीच्या तक्त्यात ‘बरा’ असा एकच रकाना असतो. क्रेनचा भोंगा ऐकू येतो का, हा रकाना नसतो. म्हणून मी म्हणतो, काय मोजलं ते विचारा.

मग नवं औषध आलं, बेडाक्विलीन. गोळी, इंजेक्शन नाही. अमेरिकेनं डिसेंबर २०१२ मध्ये त्याला परवानगी दिली ती घाईनं, कारण पेशंटच्या बेडक्यातले जंतू लवकर नाहीसे होत होते. पण त्याच चाचणीत मृत्यू मोजले तर औषधाच्या बाजूला ७९ पैकी १०, दुसऱ्या बाजूला ८१ पैकी २. ऐकून अंगावर काटा येतो ना? मी डॉक्टरांना म्हटलं, मग हे विष आहे! ते म्हणाले, “थांब. आकडे छोटे आहेत, मृत्यूंचं एकच कारण दिसत नाही. अशा वेळी डॉक्टरनं दोन गोष्टी करायच्या नसतात. आकडा झाकायचा नसतो आणि औषध फेकायचं नसतं. इशारा छापायचा, पेशंटला सांगायचं, हृदयाचा आलेख काढत राहायचं आणि आणखी पुरावा गोळा करायचा.” तसंच झालं. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हजारो पेशंटांचा हिशेब आला. तिथं बेडाक्विलीन घेतलेल्यांत मृत्यू कमी होते. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेनं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ती कान खाणारी इंजेक्शनं मागं सारून गोळ्यांना पुढं आणलं. पुढं २०२२ मध्ये सहा महिन्यांच्या गोळ्यांचा उपचार आला. आधी दीड-दोन वर्षं लागायची. भारतानं त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.

तारखा मोजा. डिसेंबर २०१२ ला जगात औषध आलं. भारतात ते सरकारी कार्यक्रमात आलं २०१६ ला, आणि तेही मोजक्या केंद्रांवर, मोजक्या पेशंटांना. मधल्या वर्षांत किती कान गेले असतील?

आणि किंमत? जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. औषधाचं थोडं वेगळं क्षाररूप दाखवून कंपनी भारतात आणखी चार वर्षं मागत होती. तिला आडवं कोण आलं? दोन पोरी. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले. दोघींना टीबी झालेला, दोघींचे कान त्या इंजेक्शनांनी गेलेले. २०१९ मध्ये त्यांनी हरकत घेतली. २३ मार्च २०२३ ला भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. जगभराच्या खरेदीत औषधाची किंमत खाली आली. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनी कंपनीला ऐकायला लावलं. ना त्या डॉक्टर, ना वकील. मागच्या रांगेत मघाशी हसलेल्या मित्रा, हे तुझ्यासाठी सांगितलं.

शेवटचा मुद्दा भाकरीचा.

मद्रासच्या चाचणीनं सांगितलं की अर्धपोटी माणसालाही औषध बरं करतं. बरोबर. पण सत्ताधाऱ्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला, की म्हणजे जेवणाचं बघायला नको, गोळ्या वाटल्या की झालं. मद्रासचा प्रश्न होता, औषधानं रोगी बरा होतो का? रोगी पडतोच का, हा प्रश्न तिथं विचारलेलाच नव्हता. तो नीट विचारायला साठ वर्षं गेली. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत तो विचारला. २,८०० टीबी पेशंटांची घरं, त्यांतली १०,३४५ माणसं. प्रत्येक पेशंटला महिन्याला दहा किलोचा शिधा. मग चिठ्ठ्या टाकून निम्म्या भागांत घरातल्या बाकीच्यांनाही शिधा, माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. बस्स. ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल छापला. ज्या घरांना शिधा मिळाला तिथं नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसाचा, दुसऱ्याला लागणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. ज्या पेशंटांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्या मरणाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

दोस्तांनो, मी परदेशातून आलेल्या डाळीची पोती जहाजातून उतरवलीत. खांद्यावर जी डाळ होती ती एवढी मोठी लस आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्यांच्या टीबीवर नवी लस शोधायला जग धडपडतंय, २०२४ पासून आफ्रिकेत मोठी चाचणी सुरू आहे, ती यशस्वी व्हावी असं मलाही वाटतं. पण डाळ-तांदळाची ‘लस’ गोदामात आहे, तिला शीतपेटी लागत नाही, पेटंट नाही. मग ती का देत नाहीत? टीबीच्या पेशंटला सरकार एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये देऊ लागलं, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले. हजार रुपयांत महिनाभर काय येतं ते इथल्या बायकांना विचारा. ते पैसे उशिरा आले तर रोगी थांबतो, जंतू थांबत नाही.

तर उद्यापासून काय करायचं? सहा प्रश्न पाठ करा. कुणी नवी गोळी, नवी लस, नवं इंजेक्शन घेऊन आलं की विचारा:

कशाशी तुलना केली?
चिठ्ठ्या टाकल्या का, आणि किती माणसांवर?
काय मोजलं, जंतू की जीव, की कानसुद्धा?
किती दिवस पाहिलं, आणि मधेच गळालेल्यांचं काय झालं?
पैसा कुणाचा?
मला नाही म्हणता येतं का, आणि माझ्यावर तपासलेलं औषध नंतर मला परवडेल का?

हे प्रश्न डॉक्टरला विचारायचे, शिवी म्हणून नव्हे. चांगला डॉक्टर चिडत नाही, खुर्ची पुढं ओढतो. जो चिडतो त्याच्याकडं बहुधा उत्तर नसतं. आणि हेच प्रश्न अंगाऱ्यावाल्या बाबालाही विचारायचे, टॉनिकच्या बाटलीवाल्यालाही, दहा रोगांवर एकच काढा विकणाऱ्यालाही. आपल्या माणसानं विकला म्हणून काढा खरा ठरत नाही.

या शिबिरातून दोन कामं घेऊन जाऊ. पहिलं, प्रत्येक वस्तीतल्या दोन पोरापोरींनी दर आठवड्याला टीबीच्या घरांत जायचं. गोळ्या चालू आहेत का, ऐकू नीट येतं का, वजन किती, पैसे जमा झाले का, एवढं वहीत लिहायचं. आजवर आपल्यावर वह्या लिहिल्या गेल्या, आता वही आपल्या हातात पाहिजे. दुसरं, त्या वह्या घेऊन आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर जायचं आणि पेशंटबरोबर त्याच्या घरच्यांनाही शिधा मागायचा. भीक म्हणून नाही. झारखंडचा पुरावा छापलेला आहे, तो पुढं ठेवायचा आणि म्हणायचं, हा उपचार आहे, द्या.

वह्यांची पहिली मोजणी येत्या रविवारी. ज्यांना लिहिता येतं त्यांनी पेन आणा, ज्यांना येत नाही त्यांनी घरं दाखवा. जय भीम.